टबाची दहा वर्षांची वॉरंटी आणि ‘जड पाण्या’चं कारण

*प्रश्न :* आम्ही लातूरला राहतो. लॉकडाऊनमध्ये भांड्यांच्या मावशी यायच्या बंद झाल्या आणि सासूबाईंना संधिवात, म्हणून सप्टेंबर २०२० मध्ये इथल्याच एका दुकानातून हप्त्यांवर डिशवॉशर घेतलं. वॉरंटी कार्डावर लिहिलंय : पूर्ण मशीनला दोन वर्षं, आणि आतल्या स्टीलच्या टबाला गंजून भोक पडल्यास दहा वर्षं. मागच्या महिन्यात मशीनखाली पाणी साचायला लागलं. बघितलं तर टबाच्या तळाशी, मागच्या कोपऱ्यात गंजून बारीक भोक पडलेलं. सर्व्हिसचा माणूस आला, टॉर्च मारून बघितलं आणि म्हणाला, ‘तुमच्याकडचं पाणी जड आहे, वॉरंटीत बसत नाही.’ ओट्यावरची ताटं बघून ‘मेस चालवता का?’ असंही विचारलं. माझे दोन भाचे नीटच्या क्लाससाठी आमच्याकडे राहतात, तेवढंच. जाताना मोबाइलवर आलेला ओटीपी घेऊन गेला. आता कस्टमर केअरला फोन केला की ‘तुमची तक्रार बंद झाली आहे, नवीन मशीनवर सूट देऊ’ म्हणतात. बिल पार पुसट झालंय. घरचे म्हणतात सोडून दे. खरंच काही होऊ शकतं का?
— एक वाचक, लातूर

ताई,

होऊ शकतं, आणि सोडून देऊ नका. तुमची बाजू तुम्हाला वाटते त्यापेक्षा बरीच भक्कम आहे. आजवरचं सगळं तोंडी झालंय, एवढीच तिच्यातली कमजोर जागा. टॉर्च मारून दिलेला निकाल तोंडी, सूट देण्याची भाषा तोंडी, फोनवरचा नकार तोंडी. कंपनीनं तुम्हाला अजून कागदावर ‘नाही’ म्हटलेलंच नाही. तेव्हा पहिलं काम हे की जे म्हणायचं ते कंपनीकडून लेखी घ्यायचं, आणि आपणही यापुढे लेखीच बोलायचं.

त्याआधी कार्ड घेऊन बसा आणि बारीक अक्षरातला मजकूर शेवटपर्यंत वाचा. तुमचं कार्ड मी पाहिलेलं नाही, पण अशा कार्डांत तीन ठिकाणी अडकायला होतं. पहिलं म्हणजे ‘गंज’ आणि ‘गंजून भोक’ यांतला फरक. वरवरचे तांबूस डाग बहुतेक कंपन्या वॉरंटीत धरत नाहीत, आणि त्यात तथ्य आहे. भाकरीचा लोखंडी तवा किंवा लोखंडी कढई मशीनमध्ये घातली की तिचे गंजाचे कण स्टीलवर चिकटतात. तो टबाचा दोष नव्हे. तुमच्याकडे मात्र पाणी गळतंय, म्हणजे पत्रा आरपार गेलाय. कार्डात ‘गंजून भोक पडल्यास’ असंच लिहिलं असेल, तर तुमची तक्रार त्या वाक्यात नेमकी बसते. दुसरं, दहा वर्षांची वॉरंटी फक्त ‘भागाची’ आहे की मजुरीसकट. लांब मुदतीच्या वॉरंटीत पुष्कळदा भाग फुकट असतो, पण मजुरी आणि ने-आणीचा खर्च ग्राहकाकडे असतो. टब बदलायचा म्हणजे जवळजवळ पूर्ण मशीन उकलावं लागतं, त्यामुळे ही रक्कम किरकोळ नसते. तसं लिहिलेलं असेल तर मजुरी द्यायची मनाची तयारी ठेवा, पण अंदाजपत्रक लेखी मागा. तिसरं, भाग मिळत नसेल तर कंपनी काय करणार. काही कार्डांत ‘घसारा (म्हणजे वापरामुळे किमतीत झालेली घट) वजा करून रक्कम परत’ असं लिहिलेलं असतं. ते असेल तर किती टक्के, हेही तिथंच सापडेल.

आता पाण्याकडे येऊ, कारण खरी लढाई तिथं आहे.

लातूरचं पाणी जड आहे हे कंपनीला सहाव्या वर्षी कळलं असं समजायचं का? ज्या शहराला २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, जिथं घरोघरी बोअर आणि टँकरवर दिवस निघतात, तिथं दुकान मांडून त्यांनी हे मशीन विकलं. आणि जड पाण्याची सोय बहुतेक डिशवॉशरच्या पोटातच केलेली असते. तळाशी मिठाचा कप्पा असतो ना, तो त्यासाठीच. आत राळेचे बारीक मणी असतात, ते पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम धरून ठेवतात, आणि मिठाचं पाणी ते मणी धुऊन पुन्हा कामाला लावतं. पाणी किती जड आहे त्याप्रमाणे मशीनमध्ये आकडा बसवायचा असतो. साधारणपणे हे काम मशीन बसवायला येणारा माणूस पट्टीनं पाणी तपासून करतो आणि इन्स्टॉलेशन रिपोर्टवर लिहितो. तो रिपोर्ट शोधा. त्यावर जडपणाचा आकडा असेल, तर पाणी कसं आहे हे माहीत असूनच कंपनीनं मशीन सुरू करून दिलं हे सिद्ध होतं. ती जागा कोरी असेल, तर पाणी तपासल्याची नोंदच त्यांच्याकडे नाही. दोन्हीचा उपयोग तुम्हालाच आहे.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. जड पाण्यानं पांढरा थर बसतो : हीटरवर, फवारणीच्या पंख्याच्या भोकांत, काचेच्या ग्लासांवर. स्टीलला आरपार भोक पडणं हा वेगळा प्रकार आहे. स्टेनलेस स्टीलला असे टोचे पडतात ते मुख्यतः क्लोराइडमुळे. कप्प्यात मीठ भरताना ते टबात सांडलं आणि मशीन लगेच न चालवता तसंच ठेवलं, तर ते खारं पाणी तळाला बसून राहतं आणि स्टील खातं. मीठ भरल्यावर लगेच एक धुणं चालवा असं सांगतात ते याचसाठी. पत्र्याचा दर्जा किंवा जोडाची जागा कच्ची असेल तर तिथूनही गंज सुरू होतो. म्हणून ‘पाणी जड’ एवढं म्हणून भागत नाही. त्या पाण्यानं नेमकं हेच भोक कसं पडलं, हे कंपनीनं सांगायला हवं. वॉरंटीतल्या अपवादावर जो बोट ठेवतो, तो अपवाद लागू होतो हे दाखवण्याची जबाबदारी त्याची.

आता तुम्ही स्वतःला प्रामाणिकपणे विचारायचे प्रश्न. सहा वर्षांत मीठ नियमित घातलं का? डिशवॉशरचंच मीठ घातलं, की कधी घरातलं आयोडीनचं बारीक मीठ? भरल्यावर मशीन लगेच चालवलं का? मीठ आणि पावडर ऑनलाइन मागवत असाल तर जुन्या ऑर्डरी ॲपमध्ये अजून दिसतील, त्यांचे प्रिंट काढा. नियमित वापराचा याहून चांगला पुरावा नाही. मीठ कधीच घातलं नसेल तर मात्र कंपनीच्या म्हणण्यात वजन आहे, आणि मग संपूर्ण मशीन मागण्यापेक्षा तडजोडीकडे वळलेलं बरं. अर्जात खोटं काही लिहू नका. एक गोष्ट खोटी निघाली की उरलेल्या खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास जातो.

पाणी मात्र स्वतः तपासून घ्या. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत चौकशी करा, किंवा खासगी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत जा. एकूण जडपणा आणि क्लोराइड, हे दोन आकडे मागा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, जडपणाची इष्ट मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरं पाणी उपलब्ध नसेल तर ६०० पर्यंत चालतं. क्लोराइडला त्याच क्रमानं २५० आणि १००० मिलिग्रॅम. तुमचा आकडा मिळाला की तो मशीनच्या माहितीपुस्तिकेतल्या तक्त्याशी ताडून बघा. मशीन किती जडपणापर्यंत चालतं हे तिथं छापलेलं असतं. तुमचं पाणी त्या मर्यादेत बसत असेल तर ‘जड पाणी’ हे कारण तिथंच गळून पडतं. मर्यादेच्या बाहेर असेल तर तेही कंपनीच्या आधी तुम्हाला माहीत असलेलं बरं.

मेसचा प्रश्न त्या माणसानं सहज विचारला असेल असं समजू नका. घरगुती वापराच्या मशीनला धंद्यासाठी वापरलं की वॉरंटी जाते, असं कलम जवळजवळ प्रत्येक कार्डात असतं. लातूरमध्ये क्लासची मुलं ठेवणारी घरं पुष्कळ, त्यामुळे हे कारण इथं पटकन चिकटवता येतं. भाचे घरचे आहेत, त्यांच्याकडून जेवणाचे पैसे घेतले जात नाहीत, हे पहिल्याच पत्रात एका वाक्यात लिहून टाका. जॉबशीटवर, म्हणजे सर्व्हिसचा माणूस भेटीची नोंद करतो त्या कागदावर, त्यानं ‘कमर्शियल’ असं काही लिहिलंय का तेही बघा.

आणि तो ओटीपी. हल्ली बऱ्याच कंपन्यांत तक्रार बंद करायला ग्राहकाच्या मोबाइलवर कोड येतो. तो दिला की संगणकावर नोंद होते : काम झालं, ग्राहक समाधानी. म्हणूनच फोनवरची मुलगी तुमची तक्रार निकाली निघाली असं सांगतेय. तिच्या पडद्यावर तसंच दिसतंय, तिच्यावर रागावून उपयोग नाही. आता नवीन तक्रार नोंदवा आणि आधीचा क्रमांक सांगून ‘काम न करता बंद केली’ असं नोंदवायला लावा. माणूस पुन्हा आला की आधी जॉबशीट मागा. त्यावर त्यानं काय पाहिलं आणि का नाकारलं हे त्याच्या हातानं, सहीसकट लिहून घ्या, फोटो काढा, मग कोडचं बघा. तो लिहून द्यायला तयार नसेल तर कोड देऊ नका. कस्टमर केअरचा नंबर कार्डावरून किंवा कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवरूनच घ्या. गुगलवर पहिल्यांदा दिसेल तो नंबर लावून पैसे गमावलेली माणसं आपल्या भागातही आहेत. कुणी ‘हे ॲप टाका, पाच रुपये भरा’ म्हटलं की फोन ठेवायचा.

पुसट बिलाची चिंता सोडा. तुम्ही हप्त्यांवर घेतलंत हे उलट बरं झालं. फायनान्स कंपनीच्या कर्जाच्या कागदांत खरेदीची तारीख आणि रक्कम असतेच, पुष्कळदा मॉडेल आणि सिरियल नंबरसुद्धा. ईमेलवर मागितलं तर ते विवरणपत्र मिळतं. शिवाय जीएसटी कायद्यानुसार दुकानदाराला हिशेबाचे कागद त्या वर्षाचं वार्षिक विवरणपत्र भरण्याच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावे लागतात. २०२० च्या सप्टेंबरमधलं बिल त्याच्याकडे अजून असायला हवं. दुसरी प्रत मागा, तीवर शिक्का घ्या. मशीनचा सिरियल नंबर दरवाजा उघडल्यावर कडेच्या पट्टीवर सापडेल, त्याचाही फोटो काढा. भोकाचा फोटो काढताना शेजारी मोजपट्टी ठेवा, आणि पाणी गळताना एक व्हिडिओ सलग घ्या, मध्ये न थांबवता. गावातल्या मिस्त्रीला मशीन उघडू देऊ नका, एम-सील लावू नका. बाहेरच्या माणसाचा हात लागला की कंपनीला आयतं निमित्त मिळतं.

मग पत्र. कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल करा आणि तेच पत्र नोंदणीकृत कार्यालयाच्या पत्त्यावर स्पीड पोस्टानं पाठवून पावती जपा. दुकानालाही प्रत द्या. मराठीत लिहिलंत तरी चालतं. असं काहीसं लिहा :

‘मी दि. __ सप्टेंबर २०२० रोजी लातूर येथील दुकानातून आपलं डिशवॉशर (मॉडेल __, सिरियल नंबर __) घरगुती वापरासाठी विकत घेतलं. वॉरंटी कार्डानुसार आतल्या टबाला गंजून भोक पडल्यास दहा वर्षांची वॉरंटी आहे. दि. __ रोजी टबाच्या तळाला गंजून आरपार भोक पडल्याचं व पाणी गळत असल्याचं आढळलं. आपल्या प्रतिनिधीनं दि. __ रोजी पाहणी करून, कोणतीही चाचणी न करता, जड पाण्याचं कारण तोंडी सांगितलं आणि काम न करता तक्रार बंद केली. मशीनचा वापर फक्त कुटुंबापुरता आहे. कृपया पंधरा दिवसांत टब बदलून द्यावा. ते शक्य नसल्यास मशीन बदलून द्यावं किंवा किंमत परत करावी. वॉरंटी नाकारायची असल्यास कार्डातलं नेमकं कलम, पाहणीचा अहवाल आणि चाचणीचा आधार लेखी कळवावा.’

सगळ्यात जड काम करणारं वाक्य शेवटचं आहे. कलम आणि आधार लेखी द्यायची वेळ आली की पुष्कळदा प्रकरण सर्व्हिस सेंटरच्या हातातून वरच्या माणसाकडे जातं, आणि त्याला टबाच्या किमतीपेक्षा पुढचा खटाटोप महाग दिसतो. पत्रात राग, धमकी, सोशल मीडियावर टाकीन वगैरे काही नको. तारखा आणि वस्तुस्थिती पुरे.

पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही, किंवा तेच ठोकळेबाज उत्तर आलं, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन करा. मराठीतून बोलता येतं, फोन फुकट आहे. ते तक्रार थेट कंपनीच्या नेमलेल्या विभागाकडे पाठवतात. हेल्पलाइन म्हणजे न्यायालय नव्हे, ती हुकूम काढू शकत नाही. पण सर्व्हिस सेंटर ज्याला जुमानत नाही अशा ग्राहकाची फाइल या वाटेनं मुख्य कार्यालयात पोहोचते, आणि मिळालेला क्रमांक पुढे पुराव्यात लागतो.

तिथंही अडलं तर लातूरचाच जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. ग्राहक संरक्षण कायदा २०१९, जो २० जुलै २०२० पासून लागू झाला, त्यात तुम्ही जिथं राहता तिथं तक्रार दाखल करता येते. कंपनीचं मुख्यालय कुठंही असो, आणि कार्डावर ‘फक्त अमुक शहराच्या न्यायालयांत’ असं छापलेलं असो, त्यानं बिचकू नका. वस्तूची दिलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. वकील लावणं बंधनकारक नाही. घरबसल्या ऑनलाइन दाखल करायला ई-जागृती पोर्टल आहे. तक्रारीत कंपनी आणि दुकानदार दोघांनाही सामनेवाले, म्हणजे विरुद्ध पक्ष, करा. कायद्याच्या कलम ८४ मध्ये उत्पादकाबद्दल स्पष्ट लिहिलंय : वस्तू त्यानं दिलेल्या वॉरंटीप्रमाणे नसेल आणि त्यामुळे नुकसान झालं, तर आपला हलगर्जीपणा नव्हता असं सिद्ध करूनही तो सुटत नाही. गळत्या पाण्यानं ओट्याखालचं फर्निचर फुगलं असेल, तर त्याचे फोटो आणि दुरुस्तीचा खर्चही जोडा. सासूबाईंच्या संधिवाताचे डॉक्टरांचे कागद जोडा. मशीन बंद पडल्यानं घरात खरा त्रास काय झाला हे भरपाई ठरवताना पाहिलं जातं. कंपनी पाण्याचं कारण लावून धरणार असेल, तर टबाची प्रयोगशाळेत तपासणी व्हावी असा अर्ज तुम्हीच करा. आयोगाला तसा अधिकार आहे.

मुदतीचं मात्र नीट लक्षात ठेवा. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत आयोगाकडे जायचं असतं. मी तुम्हाला सांगेन की गळती पहिल्यांदा दिसली त्या दिवसापासूनच मोजा, नकाराच्या तारखेवर विसंबू नका. कंपनीशी पत्रव्यवहार चालू आहे म्हणून ही मुदत थांबत नाही. ‘वरिष्ठांकडे पाठवलंय’, ‘पार्ट मागवलाय’ असं गोड बोलत महिने निघून जातात आणि दोन वर्षं कधी उलटली ते कळत नाही. म्हणून हेल्पलाइनसकट हे सगळं सहा महिन्यांत आटपा आणि नाहीच झालं तर तक्रार दाखल करा.

तक्रार दाखल करून घेतल्यावर कंपनीला नोटीस जाते, आणि तिला उत्तर द्यायला तीस दिवस मिळतात, फार तर आणखी पंधरा. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं २०२० मध्ये सांगून टाकलंय की या पंचेचाळीस दिवसांपलीकडे आयोगही मुदत देऊ शकत नाही. निकाल तीन महिन्यांत, वस्तूची चाचणी लागली तर पाच महिन्यांत लागावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात जास्त वेळ लागतो, हे आधीच सांगितलेलं बरं. त्या काळात तडजोडीचा प्रस्ताव येईल. सूट देऊन नवीन मशीन घ्या हा सध्याचा प्रस्ताव मला पटत नाही, कारण त्यात वॉरंटीचा मोबदला म्हणून तुम्हालाच पुन्हा पैसे भरायला लावलेत. पण टब फुकट आणि मजुरी तुमची, किंवा वापरलेल्या वर्षांचं वजा करून रक्कम परत, असं काही समोर आलं आणि कार्डातही तसंच लिहिलं असेल, तर विचार करा. रक्कम हातात येईपर्यंत ‘आता काही तक्रार नाही’ अशा कागदावर सही करू नका, आणि तोवर जुनं मशीन भंगारात देऊ नका. तुमच्या सगळ्या पुराव्यात तेच मुख्य आहे. जागा अडत असेल तर पाण्याचा नळ बंद करून गॅलरीत झाकून ठेवा.

निकाल तुमच्या बाजूनं लागला आणि कंपनीनं अपील करायचं ठरवलं, तर तिला पंचेचाळीस दिवसांत राज्य आयोगाकडे जावं लागतं आणि आदेशाच्या निम्मी रक्कम आधी भरावी लागते. तेवढ्यासाठी तेवढी रक्कम भरून वर वकील उभा करण्यापेक्षा टब बदलून देणं त्यांना स्वस्त पडतं. अपीलही नाही आणि पैसेही नाहीत अशी वेळ आली, तर त्याच जिल्हा आयोगात अंमलबजावणीचा अर्ज करा. आदेश न पाळणाऱ्याला एक महिन्यापासून तीन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान पंचवीस हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद कलम ७२ मध्ये आहे. अर्जात ते कलम नाव घेऊन लिहा.